पाचवीच्या पुस्तकातली दुसरी बशी

हॅनोव्हरमध्ये कुणाला भेटायचं ठरलं की स्टेशनबाहेरच्या घोड्याच्या शेपटीखाली भेटायचं, अशी गावाची रीत आहे. घोड्यावर कुणी राजा बसलेला आहे, पण त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. सगळं गाव शेपटीखाली घड्याळं बघत उभं असतं. त्या मार्चमध्ये मी तिथे तीनदा जाऊन उभी राहिले आणि तीनदा एकटीच परत आले. ज्यांना घ्यायला जात होते त्या बाई गाझाहून निघाल्या होत्या. इजिप्तमध्ये जायची सरहद्द उघडली असा निरोप यायचा, मी धावत स्टेशन गाठायचे, आणि गाडी येऊन गेल्यावर कळायचं की सरहद्द परत बंद झाली.

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. मी तेव्हा हॅनोव्हरच्या विद्यापीठात विज्ञान कसं शिकवावं या विषयावर पीएच.डी. करत होते. नवरा इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर होता. आमचा संसार शनिवार-रविवारचा, बाकीचा टेलिफोनवर. जर्मनीत येण्याआधी मी शाळेत शिकवत होते, पाठ्यपुस्तकाच्या एका समितीतही दोन वर्षं बसले होते, आणि म्हणून आमच्या विभागात पॅलेस्टाईनच्या पाचवीच्या विज्ञानाच्या पुस्तकाची दहा दिवसांची कार्यशाळा ठरली तेव्हा प्राध्यापकांनी मला त्यात घातलं. मी खूश झाले. पुस्तक म्हटलं की मला अजूनही नव्या वह्यांचा वास येतो.

त्या लोकांना स्वतःची पुस्तकं अशी नव्हतीच. वेस्ट बँकमधली मुलं वर्षानुवर्षं जॉर्डनची पुस्तकं वाचत आली, गाझातली इजिप्तची. आता पहिल्यांदा स्वतःचा अभ्यासक्रम आखून, दरवर्षी एकदोन इयत्ता घेत, त्यांनी पुस्तकं लिहायला घेतली होती. पाचवीच्या विज्ञानाचे लेखक दोन. एक रामल्लाहचे सर, पन्नाशी उलटलेले, टाय कधी न सोडणारे. दुसऱ्या गाझाच्या बाई, मुलींच्या शाळेत अठरा वर्षं शिकवणाऱ्या. दोघांनी दोन वर्षं मिळून पुस्तक लिहिलं, पण एकमेकांना पाहिलं होतं ते फक्त व्हिडिओच्या पडद्यावर. दोघांच्या गावांतलं अंतर आपल्या पुणे-साताऱ्याहून जास्त नसेल. पण इकडून तिकडे जायची परवानगी मिळत नव्हती, म्हणून एका टेबलाशी बसायला दोघांना जर्मनी गाठावी लागत होती. सर जॉर्डनमार्गे वेळेवर पोचले. बाई अडकल्या.

दहाव्या दिवसापर्यंत प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या व्हायच्या आणि पुस्तक छपाईला जायचं. बाई आल्याच नाहीत तर सरांच्या एकट्याच्या सहीवर भागवायचं, असंही ठरलं होतं. शाळा सुरू व्हायला पुस्तकं हवी होती, ते थांबण्यासारखं नव्हतं.

माझं काम सोपं होतं. पुस्तकातला प्रत्येक प्रयोग, जसा लिहिलाय तसा, घरात सापडणाऱ्या वस्तूंनी करून बघायचा आणि तक्ता भरायचा. प्राध्यापकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "जे दिसेल ते लिहायचं. गेनाऊ, अगदी नेमकं तेवढंच." मी मान डोलावली. मान डोलावण्यात आपण कुठे कमी पडतो?

तिसऱ्या दिवशी पाण्याचा धडा आला. प्रयोग अगदी साधा. दोन बशा घ्यायच्या. पहिलीत मिठाचं पाणी, दुसरीत नळाचं. दोन्ही उन्हात ठेवायच्या. पाणी उडून गेलं की पहिल्या बशीत मीठ उरतं. पुढचं वाक्य होतं, 'दुसऱ्या बशीत काहीही उरत नाही.' अरबी मला येत नाही, पण सरांनी इंग्रजीत करून दिलेलं भाषांतर समोर होतं.

मार्चातलं हॅनोव्हर, ऊन कुठून आणायचं? विभागातल्या चहाच्या खोलीत, म्हणजे टेक्युशेत, मी दोन गडद निळ्या बशा हायत्सुंगवर ठेवल्या. त्या हीटरवर कुणाचे ना कुणाचे हातमोजे वाळत असायचेच, ते बाजूला सारले. दुपारी जाऊन पाहिलं तर पहिल्या बशीत मीठ होतं, आणि दुसऱ्या बशीत पांढरी कडा होती. बोट फिरवलं तर पीठ लागल्यासारखं.

बशी नीट धुतलेली नसणार, असं मला वाटलं. घासूनपुसून परत ठेवली. परत कडा. मग लक्षात आलं की हा इथला काल्क, पाण्यातला चुना. हॅनोव्हरच्या केटलीत तो पापुद्र्यांनी धरतो, महिन्याला व्हिनेगर ओतून खरवडावा लागतो. म्हणजे दोष जर्मन पाण्याचा, प्रयोगाचा नाही. इस्त्रीत घालायच्या शुद्ध पाण्याचा कॅन तिथेच सिंकखाली होता. तिसऱ्यांदा बशीत ते ओतलं. संध्याकाळी बशी लख्ख कोरडी. तक्त्यात 'काय दिसलं' या रकान्यात मी लिहिलं, 'पुस्तकाप्रमाणे', आणि पुढे बरोबरची खूण केली.

मनाला काही टोचलं वगैरे नाही. उलट काम वेळेत झालं म्हणून बरंच वाटलं.

रात्रीच्या जेवणाआधी नवऱ्याचा रोजचा फोन आला. मी गंमत म्हणून सांगितलं.

"काल्कच तो," तो म्हणाला. "मग तक्त्यात काल्क लिहिलंस?"

"नाही. शुद्ध पाण्यानं केला परत. जमला."

"आल्झो, म्हणजे जर्नल जमवलंस तू."

"काहीतरीच काय? प्रयोग समजणं महत्त्वाचं..."

"अगं, मी पण तेच करायचो ना! लोलकाचं रीडिंग आधी उत्तरावरून काढायचं, मग घड्याळ चालू करायचं. आमच्या बॅचमध्ये पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण कुणाचंच चुकलं नाही. पण इथे मी असं केलं तर गाडीचा ब्रेक लागायचा नाही, बाई."

तो हसत होता. मी चिडून फोन ठेवून दिला. तो बरोबर बोलतो तेव्हाच मला त्याचा जास्त राग येतो. शाळेपासून कॉलेजपर्यंत प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण दुसरं काय करतो? उत्तर पुस्तकात असतं, आपलं काम तिथवर सुखरूप पोचणं. आलेलं रीडिंग तसंच लिहून ठेवणारा पोरगा आमच्याकडे बावळट ठरायचा. मी जर्मनीत येऊन, पीएच.डी. करत, दुसऱ्यांच्या देशाच्या पुस्तकात तेच केलं होतं. पण तक्ता सरांकडे गेला होता, त्यांनी खूण पाहून "शाबास, डॉक्टर!" म्हटलं होतं. मी अजून डॉक्टर झालेली नाही असं कितीदा सांगितलं, तरी म्हणायचे, होशील. त्यांना आता काय सांगायचं? मी मूग गिळून गप्प बसले.

आठव्या दिवशी सकाळी बाईंचाच फोन आला. कैरोच्या विमानतळावरून. त्या सुटल्या होत्या. सरांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता, आणि ठेवल्यावर त्यांनी चष्मा काढून टायनं पुसला. माझा जीव भांड्यात पडला. नंतर, चहा होईपर्यंत, तो भांड्यातून परत वर आला, कारण बाई आता प्रत्येक पान बघणार होत्या.

संध्याकाळी आम्ही दोघं घोड्याच्या शेपटीखाली उभे होतो. सरांनी नवा टाय लावला होता. फ्रँकफर्टच्या गाडीतून उतरून एक ठेंगणी, करड्या ओव्हरकोटातली बाई खांद्याला एकच पिशवी लावून आली आणि आमच्यापासून चार हातांवर थांबली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. दोन वर्षं रोज भांडलेली माणसं, आणि आता काय बोलावं हे कुणालाच सुचेना. शेवटी बाई काहीतरी म्हणाल्या आणि सर खो खो हसले. मी विचारलं तेव्हा त्यांनी इंग्रजीत सांगितलं, "म्हणते, पडद्यावर मी उंच दिसतो." ट्रॅममध्ये दोघं अखंड बोलत होते. आजूबाजूचे लोक वळून बघत होते, आणि मला उगीचच अभिमान वाटत होता, दोघं माझेच पाहुणे असल्यासारखा.

नवव्या दिवशी सकाळपासून पानं सुरू झाली. बाई भराभर वाचत, मधेच पेन्सिल टेकवत, सरांशी दोन वाक्यं बोलत, सही करत. पाण्याच्या धड्याशी त्या थांबल्या. दोनदा वाचलं. मग माझा तक्ता ओढून घेतला.

"दुसऱ्या बशीत काही उरलं नाही?" त्यांनी मला इंग्रजीत विचारलं.

"नाही ना," सरच म्हणाले. "तिनं स्वतः केलाय. खूण बघ."

"कुठल्या पाण्यानं केलास?"

वय झालेल्या शिक्षिकेचा प्रश्न कुठल्याही वयाच्या विद्यार्थ्याला कळतो. मी बत्तीस वर्षांची होते, मलाही कळला. सांगून टाकलं सगळं. दोनदा कडा आली, ती मी धुतली, मग इस्त्रीचं पाणी आणलं, आणि खूण केली. सर माझ्याकडे बघत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त "असं?" म्हटलं, आणि मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आमच्याकडे विहिरींचं पाणी," त्या म्हणाल्या. "खारट. नळाला तेच येतं. माझ्या वर्गात चाळीस मुली आहेत. चाळीस बशा ठेवतील, चाळीस बशांत पांढरं उरेल. आणि पुस्तक म्हणेल, काही उरत नाही. आजवर परक्यांची पुस्तकं होती, त्यांत असं काही आलं तर मी म्हणायचे, ते तिकडचं पुस्तक आहे गं. आता हे आपलं आहे. त्या पुस्तकावर विश्वास ठेवतील आणि म्हणतील, आमच्याच हातून काहीतरी चुकलं."

सरांना ते पटेना. त्यांच्या गावी गच्चीवरचं पावसाचं पाणी घराखालच्या हौदात साठवतात. त्यांनी त्या पाण्यानं हा प्रयोग वीस वर्षं वर्गात केला होता, बशी कोरडी होते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. दोघांचं अरबीत जोरदार जुंपलं. मला शब्द कळत नव्हते, पण समितीतली भांडणं मी पुण्यात पुष्कळ पाहिली होती. हे 'मी बघितलं ते' आणि 'मी बघते ते' असं भांडण होतं.

मी उठले आणि टेक्युशेत गेले. निळ्या बशा काढल्या. एकीत मिठाचं पाणी, एकीत नळाचं. हायत्सुंग पूर्ण उघडला. परत येऊन म्हटलं, "तीन तास लागतील. तोवर पुढची पानं बघा."

पुढची पानं कुणी पाहिली नाहीत. सर जरा पाय मोकळे करायला बाहेर गेले, आणि बाई आणि मी चहा घेऊन त्या खोलीतच बसलो. तिथे मी त्यांना जे सांगितलं ते नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

माझी पहिली नोकरी अकोल्याकडची, खारपाणपट्ट्यातली. तिथे जमिनीखालचं पाणी खारं. माझं सगळं आयुष्य पुण्यात धरणाच्या पाण्यावर गेलेलं. पाणी खारं असतं हे मला माहीत होतं, चहा नासायचा म्हणून मी रोज कुरकुरत होते, पण वर्गात शिरले की मी पुस्तकातल्या पाण्यावर जायचे. तिथेही हाच प्रयोग होता. सगळ्या वर्गानं लिहिलं, 'काही उरले नाही.' एका मुलीनं लिहिलं, 'बशीच्या काठाला पांढरी कडा दिसली.' मी लाल पेननं ते खोडलं, अर्धा गुण कापला, आणि तिला म्हटलं, बशी धुवून आण, घाणेरडी बशी घेऊन येतात का?

"मग?" बाईंनी विचारलं.

"आणली तिनं धुवून."

"कुठल्या पाण्यानं?"

मी कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शाळेच्या हापशाच्या, त्याच पाण्यानं. दुसऱ्यांदा कडा आणखी जाड आली असणार. ती पोर परत आली होती, बशी हातात धरून माझ्यापुढे उभी होती, आणि मी बशीकडे न बघताच तिला जागेवर बसायला सांगितलं होतं. ती बसली. वहीत 'काही उरले नाही' असं लिहिलं. मी खूण केली.

मला रडू आलं. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, काही समजूत घातली नाही. त्यांनी केटली उघडून आत पाहिलं, आतले पांढरे पापुद्रे बोटानं खरवडले आणि म्हणाल्या, "जर्मन लोक हे पितात?" आणि मला रडता रडता हसू फुटलं.

तीन तासांनी सर आले. आम्ही तिघं हायत्सुंगपाशी वाकून उभे राहिलो. मिठाच्या बशीत मीठ होतं. दुसऱ्या बशीत पांढरी कडा, गोल, बारीक, अगदी व्यवस्थित. सरांनी बशी उचलून खिडकीशी नेली, चष्मा वर केला, बोट फिरवलं, जिभेला लावलं.

"आमच्या हौदात हे येत नाही," ते शेवटी म्हणाले. आवाज पहिल्यासारखा नव्हता.

"नसेल येत," बाई म्हणाल्या. "मला तेही बघायला आवडेल. पण मला तुमच्या गावी येता येत नाही."

सर खाली बसले. पेन्सिल घेतली आणि स्वतःचं वाक्य, वीस वर्षांचं, सरळ रेघ मारून खोडलं. मग अडचण आली. तिथे लिहायचं काय? सरांचं म्हणणं, पुस्तकात उत्तर नको का? बाई म्हणाल्या, मुलींपुढे बशी असेल ना. दुपारभर दोघांची घासाघीस चालली, पण आता आवाज चढत नव्हते. सह्या झाल्या तेव्हा पानावर दुसऱ्या बशीच्या चित्राखाली एक वाक्य होतं, 'तुझ्या बशीत काय उरलं ते लिही,' आणि त्याखाली तीन रिकाम्या ओळी. शिक्षकांसाठीच्या सूचनेत सरांनी स्वतः भर घातली: तुमच्या गावचं पाणी कुठून येतं ते आधी वर्गाला विचारा. मी माझा तक्ता फाडून नवा भरला. दोनदा कडा, एकदा इस्त्रीचं पाणी, सगळं. प्राध्यापकांनी तो वाचला आणि "गेनाऊ!" एवढंच म्हणाले. आयुष्यात कुठल्याही शाबासकीनं मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी आपणहून इंगोलश्टाटला फोन केला.

"जर्नल खोडलं," मी म्हटलं.

"हो का? म्हणजे ब्रेक लागतोय तर," तो म्हणाला. या वेळी मी फोन ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना स्टेशनवर सोडताना मला परत धाकधूक. येताना आठ दिवस अडकलेली बाई जाताना किती अडकेल? बारा दिवसांनी सरांची ईमेल आली, एका ओळीची. ती घरी पोचली आहे आणि उद्यापासून शाळेत जाते आहे. मी ती ओळ ग्रंथालयात बसून चारपाच वेळा वाचली आणि बाहेर जाऊन चक्क केक खाल्ला.

हिवाळ्यात पुस्तक आलं. सरांनी पोस्टानं पाठवलेलं, आत बाईंची चिठ्ठी. चाळीसपैकी एकोणचाळीस बशांत पांढरं उरलं, त्यांनी लिहिलं होतं. एका मुलीनं लिहिलं, काहीच नाही. तिचं बाईंना नवल वाटलं. चौकशी केली तर तिच्या घरी पाणी टँकरनं विकत घेतात, गोडं केलेलं. 'तिलाही पूर्ण गुण दिले,' असं चिठ्ठीत शेवटी होतं.

मी पुस्तक उलट्या बाजूनं उघडत गेले, मला सवय नव्हती. अक्षर एकही कळत नव्हतं, पण दोन बशांचं चित्र लगेच ओळखलं. दुसऱ्या बशीखाली तीन ओळी कोऱ्या होत्या. मी पेन काढलं आणि पहिल्या ओळीवर, डावीकडून, देवनागरीत लिहिलं, 'बशीच्या काठाला पांढरी कडा दिसली.' शेजारी बरोबरची खूण केली आणि कापलेला अर्धा गुण परत दिला. अकोल्याकडच्या त्या मुलीचा चेहरा मला आठवतो. तिला हे कळवायचं कुठे, ते मला अजून माहीत नाही.